विंडोज उत्पादन सक्रियण

विंडोज उत्पादन सक्रियण ही मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या संचालन प्रणालीची प्रत परवान्यात ठरलेल्या संख्येइतक्याच संगणकांवर वापरली जात आहे किंवा नाही, हे पडताळणारी तांत्रिक प्रक्रिया आहे. २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर ती सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचली. त्यानंतरच्या प्रत्येक आवृत्तीत तिचे स्वरूप बदलत गेले. संगणकावरील जुनी संचालन प्रणाली काढून नवी बसवताना, म्हणजेच श्रेणीसुधारणा (अपग्रेड) करताना, या प्रक्रियेचा वापरकर्त्याशी सर्वाधिक संबंध येतो.

परवाना आणि सक्रियण या संज्ञा अनेकदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. प्रत्यक्षात त्या भिन्न आहेत. परवाना हा प्रणाली वापरण्याचा कायदेशीर हक्क असून तो खरेदीच्या वेळी करारान्वये मिळतो. सक्रियण ही त्या हक्काची संगणकाच्या यंत्रसामग्रीशी घातलेली तांत्रिक सांगड आहे. परवाना असूनही सक्रियण अयशस्वी होऊ शकते आणि परवाना नसतानाही ते यशस्वी होऊ शकते. श्रेणीसुधारणेच्या वेळी उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या भेदात आहे.

परवान्याचे प्रकार

विंडोजचे परवाने मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

• किरकोळ परवाना : ग्राहक दुकानातून किंवा इंटरनेटवरून स्वतंत्रपणे विकत घेतो तो परवाना. जुन्या संगणकावरून प्रणाली काढून टाकल्यास तो दुसऱ्या संगणकावर नेता येतो.

• उत्पादक परवाना (ओईएम) : नव्या संगणकासोबत उत्पादकाने बसवून दिलेल्या प्रणालीचा परवाना. तो ज्या संगणकाबरोबर आला, त्याच्याशीच कायमचा बांधलेला असतो आणि संगणक निकामी झाल्यास त्याच्याबरोबरच संपतो. तुलनेने स्वस्त असल्याने घरगुती वापरात हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतो.

• घाऊक परवाना : शाळा, महाविद्यालये, कार्यालये व कंपन्या यांना एकत्रितपणे दिला जाणारा परवाना. व्यक्तिगत संगणकांसाठीचा घाऊक परवाना हा केवळ श्रेणीसुधारणेचा परवाना असतो. त्या संगणकावर आधीपासून विंडोजचा पात्र मूळ परवाना असणे आवश्यक असते. कोऱ्या संगणकासाठी एकटा घाऊक परवाना पुरेसा ठरत नाही.

कार्यपद्धती

प्रत्येक प्रतीबरोबर पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांत विभागलेली २५ अक्षरांची प्रॉडक्ट की दिली जाते. विंडोज एक्सपीमध्ये ही की आणि संगणकातील यंत्रसामग्रीची माहिती यांच्या आधारे ५० अंकी प्रतिष्ठापना क्रमांक तयार होत असे. तो इंटरनेटद्वारे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे जाई किंवा दूरध्वनीवरून वाचून दाखवता येई. दूरध्वनीवर उत्तरादाखल मिळालेला ४२ अंकी पुष्टी क्रमांक संगणकात भरला, की सक्रियण पूर्ण होई. त्यासाठी ३० दिवसांची मुदत असे.

यंत्रसामग्रीच्या माहितीत प्रोसेसर, हार्ड डिस्क, स्मृतीचे प्रमाण, डिस्प्ले अडॅप्टर, नेटवर्क कार्ड, सीडी ड्राइव्ह अशा दहा घटकांचा समावेश होता. या घटकांची मूळ माहिती न पाठवता तिच्यापासून गणिती पद्धतीने काढलेली लघुरूपे पाठवली जात; त्यांवरून मूळ घटक ओळखता येत नसत. एखाद-दुसरा घटक बदलल्यास सक्रियण टिकून राही. अनेक घटक बदलल्यास मात्र तो नवा संगणक समजून पुन्हा सक्रियण मागितले जाई.

संगणक उत्पादकांसाठी वेगळी सोय होती. त्यांनी विकलेल्या संगणकाच्या बायोसमध्ये उत्पादकाची खूण नोंदलेली असे आणि ती आढळल्यास ग्राहकाला स्वतंत्रपणे सक्रियण करावे लागत नसे. विंडोज ८ पासून (२०१२) प्रत्येक संगणकाच्या मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्ये स्वतंत्र प्रॉडक्ट की साठवली जाऊ लागली. त्यामुळे संगणकाच्या पेटीवर की छापलेले लेबल लावण्याची गरज उरली नाही. प्रणाली पुन्हा बसवताना ही की आपोआप वाचली जाते.

इतिहास

एक्सपीपूर्वीच्या विंडोजसाठी प्रॉडक्ट की भरावी लागे, परंतु तीच की कितीही संगणकांवर चालत असे. २००१ साली ऑफिस एक्सपी व विंडोज एक्सपी यांच्यासह सक्रियण अनिवार्य झाले. मोठ्या संस्थांच्या घाऊक प्रतींना मात्र त्यातून सूट होती. अशीच एक घाऊक की बाहेर फुटली आणि तिच्या आधारे जगभर असंख्य अनधिकृत प्रती वापरल्या गेल्या. २००२ मधील पहिल्या सर्व्हिस पॅकने ती की रोखली.

२००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'विंडोज जेन्युइन ॲडव्हांटेज' हा प्रत अस्सल असल्याची खात्री करणारा उपक्रम अनिवार्य केला. विंडोज व्हिस्टामध्ये घाऊक प्रतींची सूटही संपली. मुदतीत सक्रियण न केल्यास व्हिस्टा जवळजवळ निरुपयोगी होत असे; वापरकर्त्याला केवळ ब्राउझर उघडता येई आणि तासाभराने तोही बंद होई. या कठोरतेवर टीका झाल्यानंतर २००८ मधील पहिल्या सर्व्हिस पॅकने ही तरतूद काढून टाकली आणि तिच्या जागी वारंवार येणाऱ्या सूचना आल्या. विंडोज ७ मध्ये हीच पद्धत कायम राहिली. पडद्याची पार्श्वभूमी काळी होणे ही तिची ठळक खूण होती.

श्रेणीसुधारणा आणि परवाना

श्रेणीसुधारणेचा परवाना पूर्ण परवान्यापेक्षा स्वस्त असतो, कारण तो आधीच्या परवान्यावर उभा असतो. तो घेतल्यावर जुना परवाना स्वतंत्र राहत नाही; तो नव्या परवान्यात विलीन होतो. त्यामुळे जुनी प्रत दुसऱ्या संगणकावर बसवण्याचा किंवा विकण्याचा हक्क वापरकर्त्याकडे उरत नाही. तसेच मूळ परवान्याचा प्रकार बदलत नाही. उत्पादक परवान्यावरून मोफत श्रेणीसुधारणा केली, तर नवी आवृत्तीही त्याच संगणकाशी बांधलेली राहते.

विंडोज एक्सपीच्या श्रेणीसुधारणा प्रतीला जुन्या आवृत्तीची सीडी दाखवली तरी पुरेसे असे. व्हिस्टापासून जुनी प्रणाली संगणकावर प्रत्यक्ष असणे आवश्यक ठरले.

२९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० प्रसिद्ध झाली. विंडोज ७ व ८.१ च्या वापरकर्त्यांना ती एक वर्षासाठी मोफत देण्यात आली. संस्थांसाठीच्या एंटरप्राइझ आवृत्त्या या योजनेतून वगळल्या होत्या. जुन्या आवृत्तीनुसार नवी आवृत्ती ठरत असे :

• विंडोज ७ स्टार्टर, होम बेसिक व होम प्रीमियम – विंडोज १० होम
• विंडोज ७ प्रोफेशनल व अल्टिमेट – विंडोज १० प्रो
• विंडोज ८.१ – विंडोज १० होम
• विंडोज ८.१ प्रो – विंडोज १० प्रो

या योजनेत ग्राहकांना नवी प्रॉडक्ट की दिली गेली नाही. श्रेणीसुधारणा होताना त्या संगणकाच्या यंत्रसामग्रीची नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर होई. या नोंदीला पुढे डिजिटल परवाना असे नाव मिळाले. त्यामुळे आरंभी एक अडचण निर्माण झाली : जुनी प्रणाली आधीच पुसून विंडोज १० कोऱ्या डिस्कवर बसवणाऱ्यांची नोंदच सर्व्हरवर नसे आणि सक्रियण होत नसे. आधी जुन्या प्रणालीवरूनच श्रेणीसुधारणा करणे आणि त्यानंतर हवी तर डिस्क पुसणे, असा क्रम पाळावा लागे. नोव्हेंबर २०१५ च्या अद्यतनानंतर विंडोज ७ व ८.१ ची की थेट स्वीकारली जाऊ लागली.

मोफत योजनेची मुदत २९ जुलै २०१६ रोजी संपली, तरी जुन्या की पुढेही सात वर्षे व्यवहारात चालत राहिल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा मार्ग बंद झाल्याचे जाहीर केले. त्यापूर्वी मिळालेले डिजिटल परवाने मात्र वैध राहिले.

विंडोज ११ (५ ऑक्टोबर २०२१) ही पात्र विंडोज १० संगणकांसाठी मोफत असून जुनाच डिजिटल परवाना तिला चालतो. येथे अडथळा परवान्याचा नसून यंत्राचा आहे. टीपीएम २.० ही सुरक्षाचिप, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि मान्यताप्राप्त यादीतील प्रोसेसर या अटी अनेक सुस्थितीतील संगणक पूर्ण करत नाहीत. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे वैध परवाना व यशस्वी सक्रियण असलेले हे संगणक चालू राहतात, पण त्यांना नियमित सुरक्षा अद्यतने मिळत नाहीत. घरगुती वापरकर्त्यांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत विस्तारित सुरक्षा अद्यतनांची योजना जाहीर करण्यात आली.

यंत्रसामग्रीतील बदल

डिजिटल परवान्याच्या दृष्टीने मदरबोर्ड हा सर्वांत महत्त्वाचा घटक आहे. हार्ड डिस्क किंवा स्मृती बदलल्याने सहसा सक्रियण जात नाही; मदरबोर्ड बदलल्यास तो वेगळा संगणक मानला जातो. २०१६ पासून डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येतो आणि असा बदल झाल्यावर समस्यानिवारक साधनाद्वारे तो परत मिळवता येतो. मात्र त्यासाठी ही जोडणी आधी केलेली असणे उपयुक्त ठरते. उत्पादक परवान्याच्या बाबतीत नादुरुस्त मदरबोर्डच्या जागी उत्पादकाने दिलेला पर्यायी मदरबोर्ड ग्राह्य धरला जातो. क्षमता वाढवण्यासाठी बदललेला मदरबोर्ड धरला जात नाही.

संस्थांमधील सक्रियण

व्हिस्टापासून संस्थांसाठी दोन पद्धती उपलब्ध झाल्या. पहिल्या पद्धतीत (एमएके) एकच की ठरावीक संख्येपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडून सक्रियण मिळवते. दुसऱ्या पद्धतीत (केएमएस) संस्थेच्या अंतर्गत जाळ्यातच सक्रियणाचा सर्व्हर असतो. किमान २५ व्यक्तिगत संगणकांनी संपर्क साधल्याशिवाय तो त्यांना सक्रियण देत नाही. हे सक्रियण १८० दिवस टिकते आणि संगणक दर सात दिवसांनी त्याचे नूतनीकरण करण्याचा प्रयत्न करतो. म्हणूनच संस्थेतून बाहेर पडलेला संगणक काही महिन्यांनी अचानक निष्क्रिय असल्याचे दाखवू लागतो.

सक्रियण न झाल्यास

विंडोज १० व ११ मध्ये सक्रियण नसले तरी संगणक चालू राहतो. पडद्याच्या कोपऱ्यात सक्रियण करण्याची सूचना दिसते आणि पार्श्वभूमी, रंग इत्यादी व्यक्तिगत मांडणी बदलता येत नाही. याचा अर्थ परवान्याविना वापर अधिकृत ठरतो असा नाही.

कायदेशीर बाजू

भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणक आज्ञावली ही साहित्यकृतीच्या व्याख्येत येते. वैध प्रत बाळगणाऱ्यास हानीपासून संरक्षणासाठी राखीव प्रत करण्याची मुभा कलम ५२ देते. प्रत अनधिकृत असल्याचे माहीत असताना तिचा जाणीवपूर्वक वापर केल्यास कलम ६३ब नुसार सात दिवस ते तीन वर्षे कारावास व ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. वापर आर्थिक लाभासाठी किंवा व्यवसायासाठी नसल्यास न्यायालय कारावास न देता केवळ दंड करू शकते.

परवाना पुढे विकता येतो काय, याविषयी देशोदेशी भिन्न भूमिका आहेत. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००० साली उत्पादक प्रती संगणकाविना विकण्यास मायक्रोसॉफ्ट प्रतिबंध करू शकत नाही, असा निर्णय दिला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये यूझ्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात कायमस्वरूपी परवान्याच्या पुनर्विक्रीला मान्यता दिली. मूळ धारकाने आपली प्रत निरुपयोगी करणे ही अट घातली. याउलट, अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने २०१० मध्ये व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क या खटल्यात परवानाधारक हा प्रतीचा मालक नसतो, असे ठरवले.

टीका

या पद्धतीत प्रामाणिक ग्राहकाचा हक्क दूरच्या सर्व्हरच्या बिनचूकपणावर अवलंबून राहतो, हा प्रमुख आक्षेप आहे. ऑगस्ट २००७ मध्ये सर्व्हरमधील बिघाडामुळे हजारो अस्सल प्रती अनधिकृत ठरवल्या गेल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये विंडोज १० प्रोच्या अनेक वैध प्रती अशाच बिघाडामुळे निष्क्रिय दिसू लागल्या. दोन्ही वेळा कंपनीने दोष दुरुस्त केला. दुसरीकडे, अत्यल्प किमतीत विकल्या जाणाऱ्या की अनेकदा संस्थांच्या घाऊक परवान्यातून बाहेर पडलेल्या असतात. त्या सक्रिय होतात, पण खरेदीदाराला परवाना मिळत नाही. कालांतराने त्या रोखल्याही जाऊ शकतात.

अन्य संचालन प्रणाली

ॲपलने २०१३ मध्ये ओएस एक्स मॅव्हरिक्सपासून आपल्या संगणकांवरील श्रेणीसुधारणा विनामूल्य केली. त्यासाठी प्रॉडक्ट की लागत नाही. लिनक्स कर्नेल जीपीएल या मुक्त परवान्याखाली असून उबुंटू, डेबियन तसेच सी-डॅक या भारतीय संस्थेने विकसित केलेली बॉस लिनक्स यांना सक्रियण नसते. नव्या विंडोजसाठी अपात्र ठरलेले जुने संगणक सुरक्षित रीतीने वापरात ठेवण्यासाठी या प्रणालींचा पर्याय म्हणून वापर केला जातो.