भाषांतराचा हक्क आणि आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करार : वाटाघाटींतील भारताची भूमिका व मराठी ज्ञानव्यवहार (१८८६ ते २०१६)

प्रस्तावना :

मराठीतील ज्ञानपरंपरेचा विचार करताना बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. संस्कृतात बंदिस्त असलेला वेदान्तविचार मराठीत मांडणारा मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ परंपरेने शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ मधील मानला जातो आणि मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाई येथे दाखविली जाते. पुढे सोळाव्या शतकात दासोपंतांनी याच नगरीत विपुल ग्रंथरचना केली. त्या काळी एका भाषेतील ज्ञान दुसऱ्या भाषेत आणणे हे लोकोपकाराचे कार्य समजले जाई. त्यासाठी कोणाची लेखी अनुमती घ्यावी अथवा मोबदला द्यावा अशी कल्पनाच अस्तित्वात नव्हती. मुद्रणकलेच्या प्रसारानंतर मात्र ग्रंथ ही विक्रेय वस्तू बनली आणि भाषांतर करण्याचा अधिकार हा मालमत्तेचा एक भाग ठरला. हा अधिकार कोणाचा, किती वर्षांचा आणि त्याची अंमलबजावणी कोणी करावयाची, हे प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय परिषदांत निश्चित होऊ लागले.

या परिषदांत ग्रंथनिर्यात करणारी मोजकी राष्ट्रे प्रबळ होती. लोकसंख्येने भारत मोठा असला तरी ग्रंथव्यापारात तो आयात करणारा, म्हणजे दुर्बल पक्ष होता. या अर्थाने भारताची स्थिती लहान राष्ट्रासारखीच होती. अशा राष्ट्राने वाटाघाटींत काय मिळविले आणि मिळविलेल्या सवलतींचा मराठीसारख्या भाषेला प्रत्यक्ष किती लाभ झाला, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी :

स्वित्झर्लंडमधील बर्न येथे ९ सप्टेंबर १८८६ रोजी साहित्य व कलाकृतींच्या संरक्षणाचा पहिला बहुराष्ट्रीय करार झाला. स्वाक्षरी करणाऱ्या दहा राष्ट्रांत ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी यांच्यासमवेत हैती, लायबेरिया व ट्युनिशिया ही लहान राष्ट्रेही होती. भारताला स्वतंत्र आवाज नव्हता. ब्रिटनच्या सहभागामुळे त्याच्या वसाहतींप्रमाणे भारतही या व्यवस्थेत ओढला गेला. मूळ करारात भाषांतराचा हक्क केवळ दहा वर्षांपुरता होता. १९०८ च्या बर्लिन परिषदेने तो मूळ ग्रंथाच्या हक्काइतकाच दीर्घ केला.

ब्रिटिश पार्लमेंटचा १९११ चा कायदा काही फेरफारांसह लागू करण्यासाठी ब्रिटिश हिंदुस्थानात १९१४ चा कॉपीराइट कायदा करण्यात आला. या कायद्याचे चौथे कलम लक्षणीय आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा अनन्य हक्क प्रथम प्रकाशनापासून दहा वर्षांनी संपत असे. लेखकाने त्या मुदतीत एखाद्या भाषेत भाषांतर प्रसिद्ध केले असेल, तर त्या भाषेपुरता हक्क कायम राही. अनेक भाषांच्या या देशात ही तरतूद उपयुक्त होती. तथापि ती ब्रिटनमध्ये प्रथम प्रकाशित झालेल्या ग्रंथांना लागू नव्हती. परिणामी बंगाली कादंबरी दहा वर्षांनी मराठीत मुक्तपणे आणता येई, परंतु अर्थशास्त्र किंवा पदार्थविज्ञानावरील इंग्रजी पाठ्यपुस्तकासाठी लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे वाट पाहावी लागे. ज्या ग्रंथांची शिक्षणासाठी सर्वाधिक निकड होती, नेमके तेच अप्राप्य राहिले.

हक्कांच्या अंमलबजावणीचे क्षेत्र मुख्यतः न्यायालय हेच होते. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षार्थींसाठी काढलेल्या एका शालेय आवृत्तीवरून मॅकमिलन कंपनी आणि मुंबईतील के. अँड जे. कूपर यांच्यात वाद झाला. तो मुंबई उच्च न्यायालयातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. प्लुटार्ककृत सिकंदरचरित्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातील निवडलेल्या मजकुरावर नवा हक्क निर्माण होत नाही, मात्र संपादकाच्या टीपांना संरक्षण मिळते, असा या निकालाचा आशय होता. परीक्षेला नेमलेले पुस्तक ही तेव्हाही महत्त्वाची बाजारपेठ होती, हे या खटल्यातून स्पष्ट होते.

हैदराबाद संस्थानाची स्थिती :

बीड जिल्हा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१४ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असल्याने तो संस्थानात आपोआप लागू होत नव्हता. असे असूनही १९१७ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या भाषांतर विभागाने इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणताना अनेक ठिकाणी मूळ प्रकाशकाची अनुमती घेतली. मॅकमिलन कंपनीच्या अनुमतीचा उल्लेख तेथील काही भाषांतरित ग्रंथांच्या प्रारंभी आढळतो. संस्थानाजवळ पैसा, शासकीय इच्छाशक्ती आणि एक संघटित यंत्रणा होती, म्हणून उच्च शिक्षणाची पुस्तके देशी भाषेत येऊ शकली. ती भाषा मात्र मराठवाड्यातील बहुसंख्य जनतेची मराठी नव्हती. या उदाहरणातून दोन गोष्टी सिद्ध होतात. भाषांतराचा प्रश्न केवळ कायद्याने सुटत नाही, त्याला संस्थात्मक पाठबळ लागते. दुसरे म्हणजे, असे पाठबळ कोणत्या भाषेला द्यावयाचे हा राजकीय निर्णय असतो.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. ग्रामीण महाविद्यालयांत मराठी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची पहिली पिढी याच सुमारास उच्च शिक्षणात प्रवेश करीत होती.

स्वातंत्र्योत्तर काळ : बर्न संघाची कोंडी :

१ एप्रिल १९२८ पासून भारत बर्न संघाचा स्वतंत्र सदस्य गणला जाऊ लागला होता. हा निर्णय परकीय सत्तेखालील असला तरी स्वतंत्र भारताने सदस्यत्व कायम ठेवले. १९५७ चा कॉपीराइट कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. जिनिव्हा येथील १९५२ चा सार्वत्रिक कॉपीराइट करारही भारताने याच वेळी स्वीकारला. हा करार तुलनेने सौम्य होता. त्यात सात वर्षांपर्यंत भाषांतर प्रसिद्ध न झाल्यास सक्तीच्या परवान्याची सोय होती.

मग कठोर बर्न करार सोडून सौम्य करारावरच का भागवू नये? या प्रश्नाचे उत्तर एका संरक्षक कलमात होते. बर्न संघ सोडणाऱ्या राष्ट्राच्या ग्रंथांना संघातील देशांत सार्वत्रिक कराराचेही संरक्षण मिळणार नाही, असे त्यात नमूद होते. बाहेर पडण्याची वाट अशा रीतीने बंद केलेली होती. त्यामुळे भारतासह नवस्वतंत्र राष्ट्रांना संघात राहूनच नियम बदलण्याचा मार्ग पत्करावा लागला.

स्टॉकहोम १९६७ :

१९६३ मध्ये ब्राझाव्हिल येथील बैठकीत आफ्रिकी राष्ट्रांनी आपल्या मागण्या मांडल्या. जानेवारी १९६७ मध्ये नवी दिल्ली येथे कॉपीराइटविषयक पूर्व आशियाई परिसंवाद झाला. महाराष्ट्रात पाठ्यपुस्तक निर्मितीसाठी 'बालभारती' ही संस्था याच महिन्यात स्थापन झाली, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. पाठ्यपुस्तकांची मागणी झपाट्याने वाढत असताना त्यांच्या ज्ञानस्रोतांवर परकीय मालकी होती.

जून-जुलै १९६७ मधील स्टॉकहोम परिषदेत विकसनशील राष्ट्रांच्या गटात भारत अग्रभागी होता. तेथे संमत झालेल्या विशेष प्रोटोकॉलने या राष्ट्रांना भाषांतर, पुनर्मुद्रण, शैक्षणिक वापर आणि संरक्षणाचा कालावधी यांबाबत व्यापक सवलती दिल्या. प्रोटोकॉल हा मूळ कराराचाच अविभाज्य भाग होता. हा विजय मोठा होता, परंतु फसवाही होता. ज्यांच्या ग्रंथांवर या सवलती चालणार, त्या राष्ट्रांनी मान्यता दिल्याखेरीज त्यांना अर्थ नव्हता. ब्रिटिश प्रकाशकांनी तीव्र विरोध केला आणि प्रमुख ग्रंथनिर्यातदार राष्ट्रांनी मान्यता रोखून धरली. परिषदेत बहुमताने मिळालेले यश परिषदेबाहेर निष्प्रभ झाले.

पॅरिस १९७१ : तडजोड आणि तिची किंमत :

तरीही स्टॉकहोमचा प्रयत्न वाया गेला असे म्हणता येत नाही. विकसनशील राष्ट्रे मोठ्या संख्येने संघ सोडतील ही भीती खरी होती. १९६९ मध्ये वॉशिंग्टन येथे संयुक्त अभ्यासगटाने तडजोडीचा आराखडा मांडला आणि जुलै १९७१ मध्ये पॅरिस येथे दोन्ही करारांची एकाच वेळी फेररचना झाली. संरक्षक कलम विकसनशील राष्ट्रांपुरते शिथिल झाले आणि बर्न कराराला एक परिशिष्ट जोडले गेले.

या परिशिष्टातील एक तरतूद मराठीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. सामान्यतः प्रकाशनानंतर तीन वर्षांनी भाषांतराचा सक्तीचा परवाना मागता येतो. ज्या भाषा कोणत्याही विकसित देशात सर्वसाधारणपणे वापरल्या जात नाहीत, त्यांच्यासाठी मात्र ही मुदत एकच वर्ष आहे. मराठी याच वर्गात मोडते. १९५२ च्या सात वर्षांवरून एक वर्षावर येणे, हे वाटाघाटींचे ठोस फलित होते.

या सवलतीभोवती अटींचे कुंपणही होते. परवाना केवळ अध्यापन, अध्ययन व संशोधन यांसाठीच मिळे. आधी हक्कधारकाकडे अनुमती मागून ती नाकारली गेल्याचे, किंवा प्रयत्न करूनही तो सापडला नसल्याचे दाखवावे लागे. एक वर्षानंतर आणखी नऊ महिने थांबणे बंधनकारक होते. न्याय्य मोबदला द्यावा लागे आणि प्रती निर्यात करता येत नसत. हक्कधारकाने स्वतःच त्या भाषेत रास्त किमतीत भाषांतर काढल्यास परवाना संपुष्टात येई. एखाद्या लहान मराठी प्रकाशकाने पाचशे-हजार प्रतींच्या पुस्तकासाठी हा सर्व खटाटोप करावा, ही अपेक्षाच अवास्तव होती.

भारतीय कायद्यात या तरतुदी १९८३ च्या दुरुस्तीने आल्या आणि १९८४ मध्ये अमलात आल्या. वाटाघाटींनंतर एक तप निघून गेले होते. दरम्यान ब्रिटनची स्वस्त शैक्षणिक पुस्तकमाला आणि अमेरिकेच्या साहाय्याने निघालेली पाठ्यपुस्तके बाजारात आली होती. त्यांमुळे इंग्रजी वाचणाऱ्या विद्यार्थ्याची सोय झाली आणि सक्तीच्या परवान्याची निकड कमी भासू लागली. मराठी वाचणारा विद्यार्थी मात्र होता तेथेच राहिला. महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने विद्यापीठीय ग्रंथ काढले, वाई येथून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. ही कार्ये मोलाची आहेत. तथापि सक्तीच्या परवान्याचा मार्ग देशभरात फारच अल्प वापरला गेला.

जागतिक व्यापार संघटना आणि अंमलबजावणीचा नवा टप्पा :

१९८० नंतर वादाचा केंद्रबिंदू हक्काच्या व्याप्तीकडून अंमलबजावणीकडे सरकला. अमेरिकेने आपल्या व्यापार कायद्यातील 'स्पेशल ३०१' तरतुदीखाली १९९१ मध्ये भारताला अग्रक्रमाच्या राष्ट्रांत गणले. १ जानेवारी १९९५ पासून अमलात आलेल्या ट्रिप्स करारात दिवाणी उपाय, सीमाशुल्क कारवाई आणि व्यापारी प्रमाणावरील चोरीसाठी फौजदारी शिक्षा यांची सविस्तर कलमे आली. बौद्धिक संपदेसाठी सर्वसाधारण न्यायव्यवस्थेहून वेगळी यंत्रणा उभारण्याचे बंधन कोणत्याही राष्ट्रावर नाही, अशी तरतूद कलम ४१ मध्ये आहे. ती भारताच्या प्रस्तावातून आली. न्यायालयांवर आधीच ताण असलेल्या देशासाठी तिचे मोल मोठे होते. २०१० मध्ये बनावट मालविरोधी 'ॲक्टा' कराराच्या वाटाघाटींवर भारताने ट्रिप्स परिषदेत जाहीर आक्षेप नोंदविला. पुढे २०१२ मध्ये युरोपीय संसदेने तो करार फेटाळला.

लहान राष्ट्राच्या सामर्थ्याची आणि मर्यादेची साक्ष अँटिग्वा व बार्बुडा या कॅरिबियन देशाच्या तक्रारीतून मिळते. लोकसंख्या एक लाखाच्या आत असलेल्या या देशाने २००३ मध्ये अमेरिकेविरुद्ध दाद मागितली आणि मूळ वाद जिंकला. भरपाई म्हणून अमेरिकी बौद्धिक संपदेचे हक्क वर्षाला २ कोटी १० लाख डॉलर मर्यादेपर्यंत स्थगित करण्यास त्याला २०१३ मध्ये मंजुरी मिळाली. प्रत्यक्षात हे अस्त्र वापरले गेले नाही. हक्क मिळणे आणि तो वापरण्याचे बळ असणे यांतील अंतर येथेही दिसते.

देशांतर्गत अंमलबजावणी मात्र कठोर होत गेली. महाराष्ट्राने १९८१ च्या धोकादायक कृत्ये प्रतिबंधक कायद्यात २००९ मध्ये दृक्श्राव्य चोरी करणाऱ्यांचा समावेश करून त्यांच्यासाठी स्थानबद्धतेची तरतूद केली.

अपवादांचे महत्त्व :

परवान्यांच्या तुलनेत कायद्यातील अपवाद अधिक परिणामकारक ठरल्याचे दिसते. दृष्टिहीन व अन्य दिव्यांग वाचकांसाठी सुलभ प्रती काढण्यास अनुमतीची गरज नाही, अशी तरतूद भारताने २०१२ च्या दुरुस्तीने केली. २०१३ मध्ये माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारे पहिले राष्ट्र भारत ठरले. येथे देशांतर्गत कायदा आधी झाला व करार नंतर आला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, अध्यापनासाठी आवश्यक तेवढ्या उताऱ्यांच्या छायाप्रती काढणे हा कायद्याच्या अपवादात बसणारा व्यवहार असल्याचे मान्य केले. तेथेही कोणताही परवाना मागावा लागला नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. दुर्बल राष्ट्रांची एकजूट आणि करार सोडण्याची खरी शक्यता, या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच सवलती मिळाल्या. प्रबळ राष्ट्रांची संमती नसलेले बहुमत स्टॉकहोमप्रमाणे कागदावर राहिले. मिळालेली सवलत क्लिष्ट कार्यपद्धतीत गुंतविली गेली, तेव्हा ती दुर्बलांच्या हाती पोहोचलीच नाही. ज्या ठिकाणी अनुमतीची अटच काढून टाकली गेली, तेथे लाभ प्रत्यक्ष झाला.

दोष केवळ प्रबळ राष्ट्रांना देऊन मात्र चालणार नाही. एका वर्षाच्या मुदतीची तरतूद मराठीसाठी जिंकून आणली गेली होती. ती वापरण्यासाठी अर्ज करणारी, मोबदल्याची तरतूद करणारी आणि भाषांतरकारांना मानधन देणारी यंत्रणा महाराष्ट्रातील विद्यापीठांनी व शासनाने उभारली नाही. उस्मानिया विद्यापीठाने उर्दूसाठी १९१७ मध्ये जे संघटन केले, तसे मराठीसाठी भाषिक राज्य मिळाल्यानंतरही पूर्णत्वास गेले नाही. बीडसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थी आजही इंग्रजी मूळ ग्रंथ आणि परीक्षेपुरते मार्गदर्शक यांच्या दरम्यान अडकलेला दिसतो. त्याच्यापर्यंत ज्ञान पोहोचविण्याचा कायदेशीर मार्ग आंतरराष्ट्रीय परिषदांत खुला झाला होता. तो अद्याप अरुंद असला तरी बंद नाही, आणि त्या मार्गाने जाण्याची जबाबदारी आता प्रामुख्याने अध्यापकवर्गाची व विद्यापीठांची आहे.