ऑप-अँपचा गेन चुकतो कुठे?

७४१ क्रमांकाचा ऑप-अँप जोडून काही मिलिव्होल्टचा विभव शंभर पट करायला घेतला, की उत्तर क्वचितच शंभर येते. एका गटाला १४० मिळते, दुसऱ्याला १२०. विद्यार्थी जोडणी तपासतात, आय.सी. बदलून पाहतात, तर नवी आय.सी. तिसरेच उत्तर देते. ही तक्रार आय.सी.च्या जन्मापेक्षा जुनी आहे, आणि तिचा इतिहास पाहिला की दोष शोधण्याची वाटही सापडते.

दूरध्वनीच्या लांब तारांवर ठिकठिकाणी विवर्धक बसवावे लागत. त्यांतील निर्वात नलिकांचे विवर्धन पुरवठ्याच्या विभवाबरोबर आणि वयाबरोबर बदले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडताना, नावेतच उपाय सुचला व त्यांनी तो हातातल्या वर्तमानपत्रावर लिहून काढला. हवे त्याहून कितीतरी जास्त विवर्धन करणारा विवर्धक बनवायचा, आणि बाहेर पडणाऱ्या विभवाचा ठरावीक अंश उलट दिशेने आत परत द्यायचा. हाच निगेटिव्ह फीडबॅक. मग गेन नलिकेवर अवलंबून न राहता रोधकांच्या गुणोत्तरावर ठरतो. कष्टाने मिळवलेले विवर्धन मुद्दाम घालवायचे, ही गोष्ट सहज पटणारी नव्हती. १९२८ मध्ये मागितलेले पेटंट १९३७ मध्ये मिळाले!

७४१ चे स्वतःचे विवर्धन सुमारे २ लाख असते. आपण मागतो १००. म्हणजे शिल्लक २००० पट, आणि चूक साधारण दोन हजारांत एक. पाच टक्क्यांचे रोधक वापरल्यास त्यांचीच चूक याच्या कितीतरी पट असते. मग १४० आले कुठून?

याचे उत्तर ॲनालॉग संगणकांच्या काळात मिळाले. बेरीज, संकलन अशा गणिती क्रिया करणाऱ्या विवर्धकाला 'ऑपरेशनल अँप्लिफायर' हे नाव रागाझिनी, रँडल व रसेल यांच्या १९४७ च्या निबंधाने रूढ केले. ब्लॅक यांच्यापुढे बोलण्याचे संदेश, म्हणजे ए.सी. होती. दोन टप्प्यांमधल्या धारित्रांमुळे डी.सी. पुढे जातच नसे. संगणकाला मात्र डी.सी.च हवी होती, आणि आत शून्य विभव दिला तरी नलिकांचा विवर्धक बाहेर काहीतरी दाखवी, शिवाय ते सावकाश सरकत राही. फीडबॅक इथे हतबल ठरतो. विवर्धकाच्या तोंडाशीच जन्मलेला हा विभव आणि खरा संदेश यांत फरक करायला त्याच्यापाशी काहीच साधन नसते.

आर.सी.ए.च्या एडविन गोल्डबर्ग यांनी १९४९ मध्ये सुरेख तोड काढली: ही डी.सी. चूक कंप पावणाऱ्या स्विचने तोडून ए.सी. करायची, धारित्रे असलेल्या वेगळ्या विवर्धकातून वाढवायची, पुन्हा डी.सी. करून मुख्य विवर्धकाला दुरुस्तीसाठी द्यायची.

१९६८ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीच्या डेव्ह फुलागर यांचा ७४१ आला. त्यातील प्रवेशाचे दोन ट्रँझिस्टर एकाच चिपवरचे असले तरी तंतोतंत सारखे नसतात. दोहोंतील तफावत एक-दोन मिलिव्होल्ट भरते. तिला ऑफसेट म्हणतात. समजा ती २ मिलिव्होल्ट आहे आणि गेन अचूक १०० आहे. ५ मिलिव्होल्ट दिले, तर बाहेर ७०० येतील. १० दिले, तर १२००. सरळ भागाकार केला की १४० आणि १२०! दोन्ही वाचनांतील फरक मात्र ५ ला ५००, म्हणजे बरोबर १००. तेव्हा वर्गात एका वाचनावरून गेन काढू देऊ नये. निरनिराळे विभव देऊन आलेख काढावा. रेषेचा चढ हा गेन, आणि ती आरंभबिंदूतून जात नाही तो ऑफसेट. आत येणारे टोक जमिनीला जोडून बाहेरचा विभव पाहिला, तरी तो थेट दिसतो.

१ व ५ या पिनांमध्ये १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर लावून त्याचे मधले टोक ऋण पुरवठ्याला जोडले, की तो शून्यावर आणता येतो. मात्र तापमान बदलले की पुन्हा सरकतो. थर्मोकपल अंशाला जेमतेम ४० मायक्रोव्होल्ट देते. त्यापुढे २ मिलिव्होल्ट म्हणजे ५० अंशांची चूक! अशा कामाला जॉर्ज एर्डी यांचा १९७५ चा ओपी-०७ बरा. त्याच्या चांगल्या प्रतीत ऑफसेट ७५ मायक्रोव्होल्टच्या आत असतो.

ए.सी.वर गेन कमी भरला, तर कारण वेगळे. ७४१ चे स्वतःचे विवर्धन काही हर्ट्‌झपासूनच उतरू लागते आणि १० किलोहर्ट्‌झला तेच १०० उरते. ब्लॅक यांची शिल्लक तिथे संपलेली असते, आणि मागितलेल्या १०० ऐवजी ७१ च्या आसपास मिळतात.

गोल्डबर्ग यांचा स्विच आज चिपच्या आत शिरला आहे. तिथे कंप पावणारी पट्टी नसते, तिचे काम ट्रँझिस्टरच करतात, आणि अशा चिपचा ऑफसेट काही मायक्रोव्होल्टच भरतो.