चंद्राकडे जाताना चंद्र दिसत नाही

१६ जुलै १९६९. अधिक आषाढ संपून निज आषाढ लागलाय, आणि बोरघाटाच्या पायथ्याशी ठाकूरवाडीत तुम्ही पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभे आहात. डोक्यावर इरलं, हातात भाताच्या रोपांची जुडी. आवणी अंगावर आलीय, त्यामुळे अंधारून आलं तरी कुणी बांधावर चढत नाही. ‘दादा, हात चालव रं,’ पलीकडून हाक येते. वर घाटात एक मालगाडी दर ३७ फुटांना १ फूट असा चढ चढतेय आणि कर्जतला मागे लावलेली बँकर इंजिनं तिला रेटताहेत. बीज-तीजेची कोर पश्चिमेला असायला हवी, पण ढगांपुढे तिचं काही चालत नाही.

सात वाजून दोन मिनिटं. फ्लोरिडात या वेळी सकाळचे साडेनऊ वाजून गेलेत. तुम्हाला आता तिकडे ठेवतो. नील आर्मस्ट्राँग, मायकेल कॉलिन्स आणि बझ ऑल्ड्रिन यांना तीन आसनं आहेत, चौथं नाही. त्यांच्या पायांखालच्या कप्प्यात अंग चोरून बसा.

पहिले दहा-बारा सेकंद वर चाललोय असं वाटतच नाही. १११ मीटर उंचीचं ते रॉकेटचं धूड सरळ राहण्यासाठी खालची इंजिनं सतत वळवून घेतं आणि तुम्ही टोकाला असल्यामुळे प्रत्येक हिसका अंगावर येतो. मग वजन वाढत जातं. दुप्पट, तिप्पट, शेवटी चौपट. हात उचलून नाक खाजवणंही जमत नाही. पावणेतीन मिनिटांच्या आत इंजिनं बंद पडतात आणि तुम्ही पुढे फेकले जाता. लोणावळ्याला बँकर सुटावेत तसा पहिला टप्पा सुटतो. फरक इतकाच, की बँकर पुन्हा कर्जतला उतरतात आणि हा अटलांटिकमध्ये पडतो.

पावणेबारा मिनिटांच्या आत तुम्ही सुमारे १८५ किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवती फिरू लागता आणि वजन नाहीसं होतं. सुख वाटेल असं समजू नका. पायांकडे ओढलं जाणारं रक्त आता डोक्याकडे चढतं, चेहरा सुजतो, सर्दी झाल्यासारखं नाक चोंदतं. मान झटकन वळवली तर पोटात ढवळतं. सात महिन्यांपूर्वी अपोलो ८ मध्ये फ्रँक बोरमन यांना उलट्या झाल्या होत्या. हे तिघं म्हणूनच मान जपून वळवतात.

रात्री पावणेदहाला वाडीत जेवणं उरकून निखारे राखेखाली झाकले जातात. त्याच सुमारास पॅसिफिकवर तिसऱ्या टप्प्याचं इंजिन पुन्हा पेटतं आणि सहा मिनिटांनी तुमचा वेग ताशी ३९,००० किलोमीटरच्या आसपास जातो.

यापुढचे तीन दिवस खरं तर काहीच घडत नाही, आणि प्रवासाचा मोठा भाग तोच. वेग कळायला मागे पडणारं झाड लागतं, खांब लागतो. इथे काही मागे पडत नाही. उलट पृथ्वी मागे ओढत असल्यामुळे वेग उतरत जातो. चंद्रापासून ६२,००० किलोमीटरवर तो ताशी जेमतेम ३,३०० उरतो, मग चंद्राची ओढ वरचढ ठरते. हा चढ कधी संपला आणि उतार कधी लागला, ते अंगाला कळत नाही. आकडे वाचून कळतं.

रात्र होत नाही. ऊन एकाच बाजूनं पडत राहतं, म्हणून यान सगळीकडून सारखं तापावं यासाठी ते स्वतःभोवती फिरवत ठेवलंय, वीसेक मिनिटांत एक फेरी. झोपायचं तर खिडक्या झाकून. चांदण्याही नाहीत, उजेडात त्या बुडून गेल्यात. पिण्याच्या पाण्यात हायड्रोजनचे बुडबुडे आहेत, त्यानं पोट फुगतं. तिघांना आणि तुम्हाला एवढ्याशा जागेत त्याचे परिणाम सोसावे लागतात. वीरकथांत हे येत नाही, पण आलं पाहिजे.

आणि डोळे मिटल्यावर अंधारात मधूनच एक ठिणगी चमकते. कधी नुसता ठिपका, कधी रेघ. ऑल्ड्रिनना अशा ठिणग्या दिसतात. वैश्विक किरणांतले जड कण यानाच्या भिंतीतून, पापणीतून, डोळ्यातून आरपार जाताहेत.

चंद्र मात्र जवळजवळ दिवसभर खिडकीत आलेला नाही. १९ जुलैला यान वळवतात तेव्हा तो समोर येतो, आणि पाहत आलात ती थाळी नव्हेच ती. सबंध खिडकी भरणारा, पोट पुढे काढलेला गोळा. सूर्य नेमका त्याच्या मागे गेलाय. कडेनं प्रभामंडळ फाकलंय. त्याच्या सावलीत शिरल्यावर चांदण्या दिसू लागतात, प्रवासात पहिल्यांदाच एवढ्या. चंद्राचा काळा चेहराही निळसर उजळलाय, तो पृथ्वीवरून परतलेल्या उन्हानं. भारतात तेव्हा दिवस मावळायला थोडा अवकाश आहे. म्हणजे त्या उजेडात सह्याद्रीवरच्या ढगांवर आपटून आलेलं ऊनही आहे, थोडंसं.

रात्री पावणेअकराच्या सुमारास यान चंद्रामागे जातं, ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राचा आवाज तुटतो आणि सहा मिनिटं इंजिन चालवून वेग कमी करावा लागतो. तो कमी झाला नाही तर तुम्ही चंद्राला वळसा घालून पृथ्वीकडे परत फिराल. पृथ्वीवर कुणाला ते लगेच कळणारही नाही.

उतरण्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: संगणकाचा १२०२ हा इशारा, दगडांनी भरलेला खड्डा, संपत आलेलं इंधन. ती थोडक्यात उरकतो. चंद्रावर उतरणारं यान, ईगल, टेकलं तेव्हा भारतात २१ जुलैचे पहाटेचे पावणेदोन वाजले होते आणि षष्ठीचा चंद्र ठाकूरवाडीवरून केव्हाच मावळला होता. आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं ते सकाळी साडेआठच्या आत; तेव्हा तो उगवायचा होता. मुंबईत दूरदर्शन यायलाही तीन वर्षं होती. वाडी आवणीत होती.

अडीच तासांनी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन परत आत येतात, शिरस्त्राणं काढतात आणि कपड्यांवरच्या धुळीचा वास दरवळतो. आर्मस्ट्राँगना तो ओल्या राखेचा वाटला, ऑल्ड्रिनना उडालेल्या बारुदीचा. साडेएकवीस किलो दगडमाती सोबत आलीय.

अपोलो मोहिमांनी आणलेल्या मातीचे काही नमुने पुढे कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. देवेंद्र लाल यांच्या गटानं त्यातले कण रसायनात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा आत बारीक बारीक रेषा उमटल्या होत्या. मिटल्या डोळ्यांत तुम्ही पाहिलेली ठिणगी आणि या रेषा, दोन्ही त्याच जातीच्या कणांनी केलेल्या. डोळ्यातली ठिणगी क्षणात गेली. खनिजातल्या रेषा टिकतात, म्हणून त्या मोजता येतात, आणि त्यांच्या दाटीवरून तो मातीचा कण चंद्राच्या पृष्ठभागावर किती काळ उघडा पडला होता हे काढता येतं.