रंजक गणिताची प्रतिष्ठा : द. रा. कापरेकर यांच्या संख्याशोधांचे ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

कोडी, जादूचे चौरस व अंकांच्या गमती हा फावल्या वेळचा उद्योग आणि गंभीर संशोधन ही निराळी बाब, अशी विभागणी विद्यापीठीय वर्तुळात सहसा गृहीत धरली जाते. प्रस्तुत लेखात देवळालीचे शालेय शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांच्या कार्याच्या आधारे या विभागणीचा पुनर्विचार केला आहे.

आपल्याकडील परंपरेत ही सीमारेषा इतकी ठळक नव्हती. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' (इ.स. ११५०) या ग्रंथातील 'अंकपाश' हे अखेरचे प्रकरण दिलेल्या अंकांच्या मांडण्या किती होतात आणि त्यांतून मिळणाऱ्या सर्व संख्यांची बेरीज किती, हे प्रश्न हाताळते. रंजकता आणि शास्त्र तेथे एकत्रच नांदतात.

कापरेकरांचे कार्य

डहाणू येथे जन्मलेल्या कापरेकरांचे महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. मात्र पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० ते १९६२ या काळात त्यांनी देवळालीत अध्यापन केले आणि आपले बरेचसे संशोधन स्वतःच पुस्तिकारूपाने छापले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४९ सालचा. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१ मिळतात. पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीवर ६१७४. त्यानंतर उत्तर बदलत नाही. सातपेक्षा अधिक पायऱ्या कोणत्याही संख्येला लागत नाहीत.

या गमतीचे कारण शोधू लागताच खेळाचे रूपांतर सिद्धतेत होते. पहिल्या वजाबाकीचे उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९९ पट आणि मधल्या दोन अंकांतील फरकाची ९० पट, यांची बेरीज म्हणजे ते उत्तर. मधला फरक बाहेरील फरकाहून मोठा असू शकत नाही, म्हणून शक्य उत्तरे केवळ ५४ उरतात. सुमारे नऊ हजार संख्यांविषयीचे विधान अशा रीतीने एका दुपारी कागदावर तपासता येते.

आक्षेप आणि प्रतिसाद

इंग्लिश गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मपर ग्रंथात अशा गमतींवर कठोर अभिप्राय दिला होता. ८७१२ ही २१७८ ची चौपट व ९८०१ ही १०८९ ची नऊपट आहे आणि स्वतःच्या उलट संख्येच्या अशा पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच आहेत; हे सत्य कोड्यांच्या सदरास योग्य असले तरी त्यात गणितज्ञाला आकृष्ट करणारे काही नाही, असे त्यांचे मत होते. या आक्षेपात तथ्य आहे. ६१७४ चे वैशिष्ट्य बऱ्याच अंशी दशमान पद्धतीचा योगायोग आहे. पाच अंकी संख्यांना असा एकच स्थिरांक मिळत नाही.

तथापि कापरेकरांच्या सर्व शोधांना हा निकष लावता येत नाही. १५ मध्ये तिच्या अंकांची बेरीज ६ मिळवली की २१ येतात. पण २० ही संख्या अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून निर्माण होत नाही. अशा संख्यांना त्यांनी 'स्वयंभू' म्हटले. हीच कल्पना १९७० च्या दशकात कोलंबियातून स्वतंत्रपणे मांडली गेली. पुढे १९८२ साली इटालियन गणितज्ञ उंबेर्तो झानिएर यांनी या संख्यांची घनता शून्याहून अधिक असल्याचे सिद्ध केले. छंद म्हणून विचारलेला प्रश्न येथे संशोधनाचा विषय झाला.

मान्यता मात्र उशिरा आली. ६१७४ विषयीचे टिपण १९५५ साली 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकन नियतकालिकात आले. परंतु देशातील अनेक गणितज्ञांना हे काम क्षुल्लक वाटत असे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले. निवृत्त होऊन त्यांना तोवर तेरा वर्षे झाली होती.

समारोप

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. ते त्यांच्या एकूण भूमिकेचेच द्योतक आहे. आनंद हे त्यांच्या शोधाचे उपफल नसून प्रेरणा होती. एखादा प्रश्न 'रंजक' की 'गंभीर', हे तो विचारला जातो त्या क्षणी बहुधा ठरत नाही. त्याचा पाठपुरावा कुठवर होतो, यावर ते ठरते. विचारणाऱ्याची पदवी वा हुद्दा पाहून त्याच्या प्रश्नाची प्रतवारी आधीच ठरविली, तर हानी केवळ त्या व्यक्तीची होत नाही, विषयाचीही होते. विद्यार्थ्यांच्या वहीच्या समासातील आकडेमोड तपासताना आपण अध्यापकांनी याचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.