रेप्लिकेशनवरील देखरेख (पोस्टग्रेस)

प्रायमरी सर्व्हरवरचे बदल स्टँडबाय सर्व्हरवर पोचतात का आणि तो किती मागे आहे, हे सतत तपासत राहण्याचे काम. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक बदल आधी ‘वॉल’ नावाच्या लॉगमध्ये लिहिला जातो, मग टेबलांच्या फायलींत उतरतो. आधी कीर्द, मग खतावणी. ९.० आवृत्तीपासून (२०१०) ही कीर्द स्टँडबायकडे अखंड वाहत जाते.

‘पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन’ हा व्ह्यू प्रायमरीवर पाहायचा. जोडलेल्या प्रत्येक स्टँडबायची त्यात एक ओळ असते आणि चार टप्पे दिसतात: वॉल कुठवर पाठवला, कुठवर लिहिला गेला, कुठवर डिस्कवर पक्का झाला आणि कुठवर डेटाबेसला लागू झाला. पाठवणे वेगात आणि लागू होणे संथ असेल, तर दोष बहुधा नेटवर्कचा नव्हे; स्टँडबायवरची एखादी लांबलेली क्वेरी किंवा तिथली डिस्क तपासावी. हे अंतर (लॅग) बाइटमध्ये मोजता येते, १०व्या आवृत्तीपासून (२०१७) वेळेतही दिसते. दोन्ही मापे हवीत. केवळ शेवटच्या लागू झालेल्या व्यवहाराची वेळ धरली, तर रात्री प्रायमरीवर काहीच लिहिले जात नसतानाही लॅग वाढताना दिसतो. याहून घातक चूक उलट बाजूची आहे. स्टँडबाय तुटला की त्याची ओळच नाहीशी होते. मोजायला काही उरत नाही आणि अलार्म गप्प राहतो. म्हणून ओळींची संख्याही तपासावीच.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीच्या डेटाबेसवर ताण वाढला, स्टँडबाय मागे पडला आणि त्याला हवा असलेला वॉल प्रायमरीवरून पुसला गेला होता. स्टँडबाय नव्याने उभा करण्याच्या धडपडीत डेटा डिरेक्टरी चुकून प्रायमरीवरच काढली गेली. नेहमीचे बॅकअप निकामी निघाले आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने हे सारे तपशील स्वतः उघडपणे मांडले. हा विषय शिकणाऱ्याने ते अवश्य वाचावेत.

वॉल असा अवेळी पुसला जाऊ नये यासाठी ९.४ आवृत्तीत (२०१४) रेप्लिकेशन स्लॉट आले. त्यांमुळे स्टँडबायला लागणारा वॉल प्रायमरी राखून ठेवते. पण बंद पडलेल्या स्टँडबायचा स्लॉट कुणी काढलाच नाही, तर साठत गेलेल्या वॉलने प्रायमरीची डिस्क भरते आणि ती स्वतःच बंद पडते. १३व्या आवृत्तीपासून (२०२०) या साठ्याला मर्यादा घालता येते. ती ओलांडली गेली की स्लॉटची स्थिती ‘लॉस्ट’ होऊ शकते. मग वॉलचे वेगळे आर्काइव्ह नसल्यास तो स्टँडबाय बेस बॅकअपपासून पुन्हा उभा करावा लागतो.