माप कचऱ्यालाही हवे

राधानगरीत सकाळी साडेसहाला दूध संस्थेच्या दारात उभे राहा. किटली घेऊन आलेल्या प्रत्येकाचे दूध मापले जाते, नमुना यंत्रात जातो, फॅटचा आकडा उमटतो आणि पावती हातात पडते. फॅट एका पॉइंटने घसरली तर माणूस तिथल्या तिथे जाब विचारतो. ऊस कारखान्याच्या काट्यावर तोलला जातो. रद्दी आणि भंगारही किलोवर जाते. पण त्याच माणसाला म्हणा, 'घरचा कचराही मापाने घेऊ आणि मापाप्रमाणे पट्टी लावू.' तो तत्काळ सांगेल की हे जमणार नाही आणि जमले तरी बरोबर नाही.

हे मत मी हलके मानत नाही. ते मांडणारे नदीचे वैरी नाहीत. त्यांचे म्हणणे असे: गाव स्वच्छ ठेवणे हे ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी घरपट्टी भरलेलीच आहे. वर मापाची कचरापट्टी लावली तर पैसेवाला ती सहज भरेल, गरीब दबेल. घरोघरचा कचरा तोलत बसायला माणसे कुठून आणायची? आणि सर्वांत मोठी भीती म्हणजे, पैसे वाचवायला लोक रात्री पोते ओढ्यात रिकामे करतील. गाव दिसायला स्वच्छ आणि भोगावती नदी घाण. शिवाय कचरा वेगळा करण्यात नाव कमावलेल्या वेंगुर्ल्याने कुठे माप लावले होते? तिथे प्रबोधनाने झाले, इथेही होईल. मुद्दे वजनदार आहेत. न्यायाधीश वाचकांनी व्हावे.

आधी घरपट्टी. पावती काढून बघा. तिच्यावर घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी असे रकाने असतात. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला माणशी 60 रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी 45 रुपये अशी तरतूद केली गेली. त्यातून शेड उभी राहते, गाडी येते. पण गाडीत डिझेल दर आठवड्याला लागते आणि सफाई कामगाराला पगार दर महिन्याला. तो खर्च शेवटी गावच भरते. तेव्हा पैसे द्यायचे की नाहीत, हा वादच नाही. ते कोणी किती द्यायचे, एवढाच वाद आहे. आज ते घराच्या आकारावर ठरते. जुन्या मोठ्या घरात दोन वृद्ध राहतात, त्यांचा आठवड्याचा कचरा एका पिशवीत मावतो. रस्त्याकडेच्या एका गाळ्यातली खानावळ रोज दोन पोती बाहेर काढते. मोठ्या घराची पट्टी मोठी, छोट्या गाळ्याची छोटी. हा कुठला न्याय? मुंबई महापालिकेने 2025 मध्ये जे कचरा शुल्क सुचवले, त्यातही हीच गफलत होती. 50 चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना 100 रुपये, 300 पर्यंत 500, त्यापुढे 1000. त्याला विरोध झाला, तो मला योग्य वाटतो. ती पट्टी चटईक्षेत्रावर होती. कचरा किती टाकला याच्याशी तिचा काही संबंधच नव्हता.

माप सोडून दर लावला की काय होते, हे कोल्हापूर जिल्ह्याला मी सांगायची गरज नाही. शेतीच्या पाण्याची पट्टी वर्षानुवर्षे पिकावर आणि एकरावर घेतली गेली. पाणी किती सोडले याला किंमत नव्हती, म्हणून उसात पाणी तुंबेपर्यंत पाट चालू राहिले. निचऱ्याची सोय नव्हती, ते दुसरे कारण. शिरोळकडची क्षारपड जमीन जाऊन बघा. एके काळी ऊस देणाऱ्या काळ्या रानावर पांढरी पूड फुटलेली दिसते. ते शेतकरी मूर्ख नव्हते. जास्त वापरणाऱ्याला आणि जपून वापरणाऱ्याला एकच दर असेल, तर जपून वापरणाराच खुळा ठरतो. कचऱ्यात आपण आज तेच चालवले आहे.

आता गरिबांचा मुद्दा. तो ऐकायला सर्वांत न्याय्य वाटतो आणि तपासला की सर्वांत आधी कोसळतो. दोन म्हशी असलेल्या घरात फेकण्यासारखे उरते किती? शिळी भाकरी वैरणीबरोबर जाते, शेण-राख उकिरड्यावर, उकिरडा पावसाआधी शेतात. बाटल्या आणि पत्रा भंगारवाल्याला. उरते ते बिस्किटांचे कागद, शांपूच्या पुड्या, तेलाची पिशवी. सरसकट पट्टी लावली की हे घर लॉजच्या आणि मंगल कार्यालयाच्या पोत्यांचा खर्च उचलते. मापाला विरोध करणारे गरिबाच्या नावाने नेमका हाच भार त्याच्या डोक्यावर ठेवतात. तान्हे बाळ किंवा अंथरुणाला खिळलेला माणूस असलेल्या घराची अडचण खरी आहे. डायपर टाळता येत नाहीत. अशा घरांना ठरावीक पिशव्या फुकट द्याव्यात. अपवादासाठी अपवाद करावा. त्यासाठी नियमच बुडवू नये.

तोलणार कोण? कोणीच नाही. तोलायची गरजच नाही. दक्षिण कोरियाने 1 जानेवारी 1995 पासून देशभर जी पद्धत लावली, तिच्यात दारोदार तराजू फिरत नाही. ठरलेल्या मापाची, शिक्क्याची पिशवी दुकानात विकत मिळते आणि कचरा त्याच पिशवीत टाकावा लागतो. पिशवी हेच माप, पिशवीची किंमत हीच पट्टी. पुन्हा वापरात येणाऱ्या वस्तू वेगळ्या करून दिल्या तर त्यांना पैसे नाहीत. तैपेई शहरात पूर्वी कचऱ्याचे पैसे पाण्याच्या बिलाबरोबर घेत, म्हणजे पाणी जास्त वापरणारा कचऱ्याचेही जास्त भरत असे. 2000 मध्ये त्यांनी तो हिशेब मोडून पिशवीवर आणला. किराणा दुकानात शांपूची पुडी विकता येते, तर ग्रामपंचायतीच्या शिक्क्याची पिशवी विकता येणार नाही?

राहिली ओढ्याची भीती. ही मलाही आहे, म्हणून तिच्यापाशी थांबतो.

पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घालतात. पाणी अडायला लागले की त्या बरग्यांपाशी काय साचते, ते जाऊन बघा. गुटख्याच्या पुड्यांच्या माळा, दुधाच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा जलपर्णीचा गुंता. महापूर ओसरल्यावर नदीकाठच्या करंजाच्या फांद्यांना चिंध्यांसारखे प्लास्टिक लोंबत असते. हे कोणत्या पट्टीमुळे झाले? एकाही गावात माप नाही, कचरा टाकायला एक पैसा पडत नाही, आणि तरीही ओढे भरलेले आहेत. फुकट असूनही लोक ओढ्यात टाकतात, याचे कारण पैसा नाही. वेगळा केलेला कचरा ठरल्या दिवशी घेऊन जाणारे कोणी नाही, हे कारण आहे. माणूस किती दिवस घरात साठवणार? मग काही ओढ्यात जाते, काही अंघोळीचे पाणी तापवणाऱ्या चुलीत. तो धूर आपल्याच लेकरांच्या नाकात जातो.

प्रतिपक्षाच्या हाती इथे एक खरा पुरावा आहे आणि तो मी लपवणार नाही. हाँगकाँगने 2021 मध्ये असाच कायदा केला आणि 2024 मध्ये लोकांच्या नाराजीपुढे तो बाजूला ठेवला. वेगळा केलेला कचरा घेणारी व्यवस्था पुरेशी नाही, ही तिथली मोठी तक्रार होती. कोरियातही सुरुवातीला चोरून टाकण्याचे प्रकार झाले. त्यांनी दंड लावले, कळवणाऱ्याला बक्षीस ठेवले. या दोन्हींतून माप चुकीचे ठरत नाही, क्रम चुकीचा ठरतो. आधी सुका कचरा फुकट नेणारी गाडी ठरल्या वारी आली पाहिजे, न चुकता. मग पिशवीला किंमत लावावी. तीही फक्त मिसळलेल्या कचऱ्याच्या पिशवीला. धुऊन वेगळे ठेवलेले प्लास्टिक फुकट जात असेल, तर ते रात्री उठून ओढ्यात टाकून कोणाचा कोणता रुपया वाचणार आहे? गाडी दारात येते आणि ओढा लांब आहे.

राऊतवाडीच्या धबधब्यावर आणि दाजीपूरच्या वाटेवर पर्यटक जे टाकून जातात, त्याला ही पिशवी लागू पडणार नाही, हे कबूल. त्याचा उपाय नाक्यावर करावा लागेल. पण पाहुण्याने घाण केली म्हणून यजमानाने स्वतःचे अंगण मोजूच नये, हा युक्तिवाद होत नाही.

आणि वेंगुर्ला. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात त्या नगरपरिषदेने कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा केला आणि जिथे कचऱ्याचे ढीग होते तिथे लोक बघायला येतील अशी जागा उभी केली. त्या कामापुढे मी नम्र आहे. पण प्रत्येक गावाला असा अधिकारी मिळेल का, आणि मिळाला तर त्याची बदली होणार नाही का? आपल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आले की दरवाजा आपोआप उघडतो, पातळी उतरली की मिटतो. रात्री दोन वाजता पाऊस कोसळत असताना तिथे कोणाच्या सद्भावनेवर विसंबावे लागत नाही. गावाच्या कचऱ्याला असा एक दरवाजा हवा. प्रबोधन जरूर व्हावे. पण छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने सगळे कर भरणाऱ्या घराला वर्षभर दळण फुकट दिले, ते भाषणांनी भागत नाही हे ओळखूनच. घरखर्चाचा हिशेब बाईमाणसाला बरोबर कळतो. त्या हिशेबात कचऱ्याला अजून रकानाच नाही.

याच तालुक्यातल्या काळम्मावाडीहून कोल्हापूर शहराने थेट पाइपलाइनने पाणी नेले, कारण पंचगंगेचा भरवसा उरला नव्हता. उगमाकडच्या माणसांवर यातून एक जबाबदारी येते, असे मला वाटते. पण हा युक्तिवाद भावनेचा आहे, म्हणून तो मी निकालासाठी पुढे करत नाही.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एवढाच ठराव घ्यावा: एक वॉर्ड, सहा महिने, पैसे एकही नाही. आठवड्यातून दोनदा सुक्या कचऱ्याची गाडी, मिसळलेल्या कचऱ्यासाठी शिक्क्याची पिशवी फुकट, आणि कोणत्या घराने किती पिशव्या वापरल्या याची नोंद, दूध संस्थेत ठेवतात तशी. सोबत वॉर्डाखालच्या ओढ्याचा एक ठरलेला पट्टा दर महिन्याला साफ करून तिथून निघालेली पोती मोजावीत. मग पुढचे सहा महिने पिशवीला किंमत लावून तीच मोजणी पुन्हा करावी. ओढ्यातली पोती वाढली, तर त्याच ग्रामसभेत उभा राहून हा लेख मी मागे घेईन.