जुना डिझेल पिकअप : नेमका कोणत्या वर्षाचा?

१/ अमेरिकेत जड ट्रेलर ओढण्यासाठी जुना डिझेल पिकअप शोधणारे आधी निर्मितीवर्ष विचारतात. त्या प्रश्नामागे पंप आणि प्रदूषण-नियमांचा इतिहास दडलेला आहे. उदाहरण : डॉज रॅम.

२/ १९८९ मध्ये डॉजने ५.९ लिटरचे कमिन्स इंजिन बसवले. टॉर्क ४०० पाउंड-फूट. इंधनपंप पूर्णतः यांत्रिक. १९९४ ते १९९८ चा बॉश पंप तर विशेष नावाजला गेला. मात्र त्या गाड्यांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जड ओझ्याखाली इंजिनाच्या कितीतरी आधी थकत असे.

३/ १९९८ च्या मध्यास इलेक्ट्रॉनिक पंप आला. त्याचे वंगण आणि शीतन दोन्ही डिझेलवरच अवलंबून. त्याला डिझेल पुरवणारा लहान पंप दुबळा पडला, की हा महागडा पंपही निकामी होई.

४/ २००३ मध्ये कॉमन रेल प्रणाली आली. पुढे याच ५.९ लिटर इंजिनाचा टॉर्क ६१० पाउंड-फूटवर पोहोचला.

५/ २००७ च्या नियमांमुळे ६.७ लिटरच्या नव्या इंजिनासोबत धुरातील काजळी अडवणारे फिल्टर आले. हवा स्वच्छ झाली, देखभाल खर्चिक झाली.

६/ म्हणून ओढण्यासाठी २००६ च्या आसपासची गाडी सरस. स्वतः दुरुस्ती करणाऱ्यास १९९७ ची, मॅन्युअल गिअरची. परंतु या दोन्ही गाड्यांत काजळीचा फिल्टर नाही. मालकाचा वाचलेला खर्च रस्त्यालगत राहणाऱ्यांची फुफ्फुसे सोसतात, हेही त्या वर्षाच्या निवडीत मोजायला हवे.